अलिबागचा मुक्काम



सुटीचे दिवस जवळ आले कीं मुंबई-पुण्याच्या घरांतून "या खेपेस कोठें जावयाचें?" असा प्रश्न निघतो, आणि पुष्कळदां त्याचें उत्तर "अलिबागला" असें येतें. स्थळ जवळचें आणि समुद्र पायाशीं. सकाळीं जावें, वाळूंत हिंडावें, मासळीचें जेवण घ्यावें, किनाऱ्यावरून समोरच्या किल्ल्याचें छायाचित्र काढावें आणि संध्याकाळीं परतावें, असा बहुतेकांचा क्रम असतो. त्यांत मौज आहे, हें मी नाकारीत नाहीं. परंतु त्या क्रमांत अलिबाग मात्र पाहावयाचें राहून जातें. हें गांव आपल्या मनगटावरच्या घड्याळाच्या हिशेबानें पाहतां येत नाहीं. त्यासाठीं समुद्राचें घड्याळ वाचतां यावें लागतें. तें कसें वाचावें, हेंच आज मुख्यत्वेंकरून सांगावयाचें आहे.

प्रथम जाण्याची वाट. मुंबईकरांनीं गेटवेहून लाँचनें मांडव्यास उतरावें. सुमारें तासाभराचा जलप्रवास आणि पुढें वीसएक किलोमीटर मोटारीची वाट. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मोटारींसह माणसें नेणारी रो-रो बोटही सुरू झाली आहे. पावसाळ्यांत गेटवेच्या लाँचा बंद असतात. तेव्हां पेण-वडखळचा रस्ताच धरावा.

मात्र निघण्यापूर्वीं घरांतलें पंचांग उघडून तिथि पाहावी. मुहूर्तासाठीं नव्हे, किल्ल्यासाठीं! अलिबागचा कुलाबा किल्ला भर समुद्रांत आहे. भरतीच्या वेळीं तो बेट होतो आणि ओहोटीच्या वेळीं किनाऱ्यावरून पायीं तेथें जातां येतें. ही वेळ काढण्याचा कोंकणांत एक जुना हिशेब आहे. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमीचें उदाहरण घेऊं. पांचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पावणेचार वाजतां भरती, आणि सुमारें सहा तासांनीं, दहाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. तृतीयेस भरती सव्वादोनला, म्हणून ओहोटी सकाळीं सव्वाआठ-साडेआठला.

अष्टमीची ओहोटी याच हिशेबानें दुपारीं बाराला येते. कोणी म्हणेल, हीच वेळ सोयीची! पण येथें एक मेख आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतें. तेव्हां पाणी जितकें वर चढतें तितकेंच दूरवर ओसरतें. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. ती फारशी चढत नाहीं, तशीच पुरती ओसरतही नाहीं, आणि किल्ल्याच्या वाटेवर पाणी उभें राहतें. म्हणून द्वितीयेपासून पंचमीपर्यंतचे दिवस, मग ते शुद्ध पक्षांतले असोत कीं वद्य पक्षांतले, पायीं जाण्यास उत्तम. हा हिशेब ढोबळ आहे. त्यांत अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. तेव्हां भरती-ओहोटीचें छापील कोष्टक पाहावें आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारल्याशिवाय पाण्यांत पाऊल टाकूं नये.

शाळेच्या सहली घेऊन मी या किल्ल्यांत अनेक वेळां गेलों आहें. मुलांना माझा एकच दंडक असे. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधीं निघावयाचें, आणि ओहोटीनंतर तासाभराच्या आंत परत वाळूवर पोहोंचावयाचें. किल्ला चहूंकडून पाण्यांत असल्यानें भरती त्याला वळसा घालून दोन्ही अंगांनीं येते. घोट्याएवढें पाणी पाहतां पाहतां कमरेएवढें होतें. तटावर रेंगाळलेलीं माणसें मग कडेवर मूल घेऊन पाण्यांतून धडपडत येतांना मीं पाहिलीं आहेत. पावसाळ्यांत तर हा मोह धरूंच नये. उशीर झालाच, तर किल्ल्यांतच थांबून पुढच्या ओहोटीची वाट पाहणें हा शहाणपणा आहे. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

आतां किल्ला पाहूं. छत्रपति शिवाजी महाराजांनीं १६८० मध्यें याचें काम हातीं घेतलें आणि तें संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत पूर्ण झालें. तटाजवळ उभें राहून दगडांच्या सांध्यांकडे नीट पाहावें. प्रचंड चिरे एकमेकांवर नुसते रचलेले आहेत. मध्यें चुना नाहीं. लाट आदळली कीं तिचें पाणी फटींतून आंत शिरतें आणि तिचा जोर तेथेंच मोडतो. समुद्राशीं हट्टानें झुंजण्यापेक्षां त्याला थोडी वाट देऊन टिकावें, ही युक्ति त्या कारागिरांना साधली होती, म्हणून तीन शतकांहून अधिक काळ हा तट लाटांपुढें उभा आहे. आंत १७५९ सालीं राघोजी आंग्रे यांनीं बांधलेलें गणेशपंचायतनाचें देऊळ आहे, आणि खाऱ्या पाण्यानें वेढलेल्या या जागेंत गोड्या पाण्याचें तळें व विहीर आहे. उत्तरेच्या तटाकडे गाड्यांवर बसविलेल्या दोन तोफा आहेत. त्यांवर यॉर्कशायरमधील लो-मूर कारखान्याचें नांव कोरलेलें आहे.

सरखेल कान्होजी आंग्रे यांचें हें मुख्य ठाणें. १७२१ सालीं मुंबईकर इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगीज एकत्र होऊन कुलाब्यावर चालून आले. परंतु बाजीराव पेशव्यांची कुमक येऊन पोहोंचली, पोर्तुगीजांनीं निराळा तह केला, आणि इंग्रजांना हात हलवीत परतावें लागलें. कान्होजी ४ जुलै १७२९ रोजीं वारले. त्यांची समाधि अलिबाग गांवांतच आहे. किल्ल्यावर जाणाऱ्या शंभरांपैकीं दहा माणसेंही तिकडे वळत नसतील. आपण अवश्य वळावें. जवळच हिराकोट आहे. तो कान्होजींनीं १७२० मध्यें बांधला आणि पुढें त्याचा तुरुंग झाला; तेव्हां त्याची तटबंदी बाहेरूनच पाहण्यांत समाधान मानावें.

अलिबाग या नांवासंबंधानें असें सांगतात कीं, अली नांवाच्या एका बेने इस्राएली गृहस्थाच्या आंब्या-नारळांच्या बागा येथें होत्या, त्यावरून अलीची बाग, तें अलिबाग. हे बेने इस्राएल लोक तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. इस्राएल आळींत त्यांचें प्रार्थनामंदिर आहे. त्याची सध्यांची इमारत १९१० सालची. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबें इस्राएलांत गेलीं. परंतु जातांना मराठी भाषा त्यांनीं बरोबर नेली.

याच गांवांत एक असें स्थान आहे कीं ज्याचें नांव जगांतले शास्त्रज्ञ आदरानें घेतात. तें म्हणजे चुंबकीय वेधशाळा. मुंबईच्या कुलाब्यास (हा कुलाबा निराळा, किल्ल्याचा नव्हे) पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध १८४० च्या सुमारापासून घेत असत. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनीं त्या वेधशाळेचें काम पाहिलें होतें. टिळकांना गणित शिकविणारे केरोनाना छत्रे हेही तरुणपणीं तेथेंच नोकरीस होते, आणि त्यांचा जन्म अलिबागजवळच्या नागांवचा. पुढें मुंबईंत विजेच्या ट्राम सुरू करण्याचें ठरलें. विजेच्या प्रवाहानें सूक्ष्म चुंबकसूच्या विचलित होणार, हें ओळखून संचालक नानाभाई मूस यांनीं वेधशाळेसाठीं अलिबागची निवड केली. १९०४ मध्यें येथें काम सुरू झालें. दोन वर्षें दोन्ही ठिकाणचे वेध ताडून पाहिले, आणि मग मुंबईचे बंद केले. ट्राम १९०७ सालीं धांवली. इमारतीस पोरबंदरी दगड, लांकूड आणि तांबें-पितळ वापरलें. लोखंडाचा खिळासुद्धां वर्ज्य! आंत जावयाचें असल्यास आधीं परवानगी घ्यावी. पण मुलांना निदान दारापर्यंत नेऊन ही हकीकत सांगावी.

"अलिबागहून आला आहेस काय?" असें म्हणून भोळ्या माणसाची थट्टा करण्याची एक चाल पडली आहे. २०१९ मध्यें हें प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि न्यायालयानें तें मनावर न घेण्याचा सल्ला देऊन अर्ज फेटाळला. मला वाटतें, ज्या गांवानें दोन आरमारांना परतविलें आणि जें शतकाहून अधिक काळ पृथ्वीची नाडी मोजीत आहे, त्या गांवाहून आलों असें सांगण्यांत लाजण्याजोगें कांहींच नाहीं.

दुसरा दिवस हाताशीं असेल तर दक्षिणेस चौल-रेवदंड्यास जावें. चौल हें प्राचीन बंदर. रशियन प्रवासी निकितिन १४६९ च्या सुमारास येथेंच उतरला. रेवदंड्यास पोर्तुगीजांचे तट माडांच्या वाड्यांतून डोकावतात. खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला. तो १७४० मध्यें मराठ्यांकडे आला, पण पायथ्याच्या गांवांत कांहीं घरांतून पोर्तुगीज वळणाची एक बोली अजून बोलली जाते. तिसरा दिवस असेल तर उत्तरेस किहीम. पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली यांनीं १९३० मध्यें येथेंच राहून सुगरण पक्ष्याचा प्रसिद्ध अभ्यास केला. थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी-उंदेरीचे जोडकिल्ले दिसतात. त्यांतील खांदेरी जुलै २०२५ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत आला.

खाण्याविषयीं थोडेंच सांगतों. मासळी खाणाऱ्यांनीं जिताडा विसरूं नये. थंडीच्या दिवसांत शेतावर पोपटी लावतात. मडक्यांत भांबुर्डीचा पाला घालून त्यांत वालाच्या शेंगा भरतात आणि मडकें उपडें करून भोंवतीं जाळ करतात. तो सुवास घरच्या शेगडीवर मिळावयाचा नाहीं. परततांना पांढऱ्या कांद्याची एक माळ बरोबर घ्यावी. या कांद्याला २०२२ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें आहे.

शेवटीं एक विनंती. शंभर वर्षांपूर्वीं वेधशाळेला मुंबईच्या गडबडीपासून दूर जागा हवी होती, म्हणून ती अलिबागेस आली. आज तीच गडबड मोटारी आणि कर्णे घेऊन आपणच तेथें नेत आहों. वाळूंत मोटार घालणें, किल्ल्याच्या चिऱ्यांवर नांवें कोरणें, तळ्यांत उष्टें टाकणें हीं कामें घरीं राहूनही टाळतां येतात आणि तेथें जाऊनही टाळतां येतात. लाटेला वाट देऊन तट टिकला. पाहुण्यांपुढें तो टिकेल किंवा नाहीं, हें आपल्या हातीं आहे. तेव्हां पंचांग पाहून निघा, ओहोटीबरोबर किल्ल्यांत जा, भरतीपूर्वीं परत या, आणि निदान दोन रात्रींचा मुक्काम करा.