धरणाकाठी मुलांचे शिबीर



गेल्या उन्हाळ्यात गंगापूर तालुक्यातल्या एका शाळेत जाण्याचा योग आला. सातवीचा वर्ग होता. मी सहज विचारले, "मुलांनो, तुमच्या घरी पाणी येते कुठून?" एक चुणचुणीत पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, "टँकरमधून, गुरुजी." मी म्हणालो, "बरं, आणि टँकरमध्ये कुठून येते?" ती गप्प झाली. वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. पोरीने जे पाहिले होते तेच सांगितले. त्यापुढचे तिला कोणी दाखवलेच नव्हते.

ते दाखवायचे कसे, याविषयी आज बोलायचे आहे. भंडारदऱ्याचा जलाशय आपल्यापासून दोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. त्याच्या काठी सातवी-आठवीच्या मुलांचे दोन रात्रींचे शिबीर न्यावे. जाताना मात्र नदीच्या उलट्या अंगाने, म्हणजे संगमापासून उगमाकडे जावे.

छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगरच्या रस्त्याने निघालात की कायगाव-टोक्याला गोदावरीचा पूल लागतो. तिथे प्रवरा गोदावरीला मिळते. गाडी सुरक्षित जागी थांबवावी आणि मुलांना संगम दाखवावा. हेच पाणी पुढे पैठणच्या नाथसागरात जाते, आणि तिथून आपल्या शहराच्या नळाला येते. पुढे प्रवरेच्या काठी नेवासे. ज्ञानेश्वर माउलींनी गीतेवरची टीका सांगितली ती इथेच, शके १२१२ मध्ये. मग श्रीरामपूर, लोणी, संगमनेर, अकोले. दोन्ही अंगांना ऊस दिसेल. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तो याच नदीच्या कालव्यांच्या भरवशावर. अकोल्याला आलात की राहीबाई पोपेरे यांचे नाव सांगावे. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या या शेतकरी बाईंनी गावरान बियाणे जपले. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. पुढे राजूर, आणि मग शेंडी गाव. शेंडीलाच धरण आहे.

या धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. दगडी बांधकाम, उंची सुमारे २७० फूट. त्यात ११ अब्ज घनफूट पाणी मावते. वर्तमानपत्रात आपण टीएमसी वाचतो ना, ते हेच माप: ११ टीएमसी. आपला नाथसागर याच्या नऊपट मोठा आहे. पण तो पसरट, आणि हा डोंगरांच्या ओंजळीत धरलेला. एका अंगाला महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. दुसऱ्या अंगाला रतनगड. त्याच्याच परिसरात प्रवरा उगम पावते. पायथ्याला रतनवाडीत अमृतेश्वराचे जुने दगडी देऊळ आहे.

आता केव्हा जावे? पावसाळ्यात मुळीच नको. घाटघरच्या बाजूला पाऊस असा कोसळतो की आपल्याकडच्या माणसाला त्याची कल्पना यायची नाही. पावसाच्या तोंडाशी काजवे पाहायला लोक लोटतात. त्या गर्दीतही मुले नेऊ नयेत. दिवाळीनंतर जानेवारी संपेपर्यंतचा काळ उत्तम. धरण भरलेले असते, आभाळ स्वच्छ असते. थंडी मात्र कडक. प्रत्येकाजवळ घोंगडी किंवा जाड पांघरूण हवेच.

शालेय सहलीसाठी एस. टी. सवलतीच्या दरात गाडी देते. त्याची चौकशी आधी करावी. शिक्षण खात्याची परवानगी आणि पालकांची लेखी संमती घ्यावी. जलाशयाच्या वरच्या अंगाचा बराचसा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ पासून ते अभयारण्य आहे. तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय राहुटी ठोकू नये, फांदी तोडू नये. सर्वांत जवळचा दवाखाना कोणता आणि तिथे सर्पदंशावरचे औषध आहे का, हे घरून निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. डोंगराआड फोन लागेलच असे नाही.

एका गुरुजींनी आधी एकट्याने जाऊन जागा पाहून यावी. पाहुण्याच्या जागेवर भरवसा ठेवण्यापेक्षा एक खेप जास्त पडलेली बरी. जागा पाण्यापासून दूर आणि उंच असावी. ओहोळाच्या पात्रात किंवा वाळल्या झाडाखाली नसावी. गावकऱ्यांनी होकार दिला तर शाळेची ओसरी राहुटीपेक्षा चांगली. आणि मुलींसाठी संडासाची नीट सोय असेल तीच जागा घ्यावी. ती नसली की मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, कोणाला सांगतही नाहीत आणि आजारी पडतात.

आता मुख्य गोष्ट सांगतो, नीट ऐका.

मी पहिल्यांदा मुले घेऊन गेलो, त्याला पुष्कळ वर्षे झाली. संध्याकाळची जेवणे झाली. दोन मुले कोणाला न सांगता पातेले घासायला पाण्यावर गेली. पातेले हातातून सुटले, तरंगत निघाले. एक जण त्याच्यामागे पाण्यात उतरला. पहिल्या पावलाला पाणी गुडघ्याइतके होते. दुसऱ्या पावलाला गळ्याशी आले. तिसरे पाऊल टेकलेच नाही. दुसऱ्याने आरडाओरडा केला. जनावरे घेऊन घराकडे निघालेला एक शेतकरी धावला आणि त्याने हातातली काठी पुढे केली. मुलगा वाचला. त्या भल्या माणसाचे नावही विचारायचे मला सुचले नाही. रात्रभर मी मुलांच्या उशाशी बसून होतो.

असे का घडले, ते मला मागाहून उमजले. आपली मुले नदी पाहतात ती वाळूची. काठावरून हळूहळू खोल होत जाणारी. धरणाचे पाणी तसे नसते, बरं का! ती बुडालेली दरी आहे. पाण्याबाहेर डोंगराचा जसा उतार दिसतो, तसाच तो पाण्याखाली पुढे जातो. त्यावर निसरडा गाळ असतो आणि पाणी थंडगार. पोहता येणाऱ्याचाही तिथे भरवसा धरू नये.

तेव्हापासून माझे नियम ठरले आहेत. मुलांनी पाण्यात उतरायचे नाही. पायसुद्धा बुडवायचे नाहीत. पाणी आणायचे ते मोठ्या माणसांनी, तेही दिवसाउजेडी. मुलांच्या जोड्या लावायच्या आणि जोडीदाराला सोडून कोणी हलायचे नाही. गाडीत चढताना, उतरताना, जेवताना, निजताना मुले मोजायची. गुरुजींनी स्वतः मोजायची. मॉनिटरवर सोडायचे नाही. लांब दोर आणि हवा भरलेली ट्यूब हाताशी ठेवायची. आणि एक गोष्ट मुलांकडून पाठ करून घ्यायची: कोणी पाण्यात पडलेच तर मागे उडी घालायची नाही. ओरडायचे, दोर, काठी, लुगडे, जे हाती लागेल ते पुढे करायचे. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात.

जेवणाची व्यवस्था जमल्यास गावातल्या घरांवर सोपवावी. तांदळाची किंवा नागलीची भाकरी आणि पिठले मुले आवडीने खातात, चार पैसे गावात राहतात आणि सरपणासाठी जंगलाला हात लागत नाही. बाटल्या, पिशव्या, उष्टे, सगळे परत आणावे. हे पाणी खाली कोणीतरी पिणार आहे, हे मुलांना एवढे सांगितले तरी पुरते.

रात्री मुले आकाश पाहतील. दिवसा धरणाची भिंत पाहतील. त्यांचे प्रश्न मात्र अवघड असतील. "धरण वर त्यांच्याकडे, मग पाणी कोणाचे?" असे कोणीतरी विचारीलच. उत्तर टाळू नये. सांगावे की नदीवर वरच्यांचा आणि खालच्यांचा दोघांचाही हक्क आहे. राज्याने २००५ साली त्यासाठी कायदाही केला, आणि टंचाईच्या वर्षी वरच्या धरणांतून नाथसागरासाठी पाणी सोडले जाते. पण हेही सांगावे की ज्यांच्या डोंगरावर हा पाऊस पडतो, त्यांच्याही काही वाड्यांत उन्हाळ्यात बायकांना पाण्यासाठी पायपीट करावी लागते. तिथल्या मुलांशी आपल्या मुलांना बोलू द्यावे. ती एकमेकांना पुष्कळ सांगतील.

परतताना कायगाव-टोक्याला गाडी पुन्हा थांबवावी. मुले मोजावीत. आणि त्यांना विचारावे, "आता सांगा, तुमच्या घरी पाणी येते कुठून?"