नोंद, अधिकार आणि उत्तरदायित्व



संघटनात्मक बदल, कारभार आणि माहिती तंत्रज्ञान हे तीन विषय विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत तीन वेगळ्या प्रश्नपत्रिकांत विभागले गेले असले, तरी व्यवसायसंस्थेत ते एकाच वेळी आणि बहुधा एकाच माणसाच्या कामात येऊन भेटतात. कामाची वाटणी, अधिकाराची रचना आणि रोजच्या सवयी बदलतात तेव्हा संघटनात्मक बदल घडतो. निर्णय कोणी घ्यायचा, तो कोणी तपासायचा आणि चुकल्यास जबाब कोणी द्यायचा याची घडी म्हणजे कारभार. आणि व्यवहाराची नोंद करणे, ती साठवणे व दुसरीकडे पोहोचवणे यांची साधने म्हणजे माहिती तंत्रज्ञान. या तिन्हींना जोडणारा दुवा म्हणजे नोंद. नोंद करण्याचा अधिकार, ती बदलण्याचा अधिकार आणि तिच्याबद्दल जाब विचारण्याचा अधिकार या तिन्हींची फेरवाटणी संगणकामुळे कशी होते, याचा शोध हा या विषयांवरील संशोधनाचा गाभा असायला हवा, अशी भूमिका या परिषदेतील भाषणात मांडली आहे.

यंत्र बदलले की संस्था आपोआप बदलते, ही समजूत भारतातच सत्तर वर्षांपूर्वी तपासली गेली होती, हे येथील अभ्यासकांना क्वचितच सांगितले जाते. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५२ मध्ये स्वयंचलित माग बसवण्यात आले. परंतु उत्पादन अपेक्षेइतके वाढले नाही आणि कापडातील दोषही कमी झाले नाहीत. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये तेथे आले, तेव्हा एका खात्यात २२४ मागांवर २९ कामगार बारा वेगवेगळ्या प्रकारची कामे करत होते आणि कोणता कामगार कोणत्या मागांना बांधील आहे हे स्पष्ट नव्हते. धागा तुटला की तो जोडणारा एक, बॉबिन भरणारा दुसरा, तेल घालणारा तिसरा, आणि यांपैकी प्रत्येकाचा मागांचा हिस्सा वेगळा, अशी ती रचना होती. राइस यांनी ठरावीक मागांचा एक संच सांभाळणाऱ्या लहान गटाची कल्पना मांडली, आणि ती पर्यवेक्षक व कामगार यांनी स्वतःच उचलून धरून आपसांत गट बनवले. त्यानंतर कार्यक्षमता वाढली आणि खराब कापडाचे प्रमाण घटले. यंत्र तेच होते, माणसेही बहुतांशी तीच होती. बदलली होती ती जबाबदारीची वाटणी. एरिक ट्रिस्ट आणि केनेथ बॅमफर्थ यांनी १९५१ मध्ये इंग्लंडमधील कोळसा खाणींच्या अभ्यासातून जो विचार मांडला होता, त्याला अहमदाबादने बळ दिले. तंत्र आणि समाजरचना यांचा एकत्र विचार करणारी ही पद्धत पुढे सामाजिक-तांत्रिक दृष्टी म्हणून ओळखली गेली. एरिक मिलर यांनी १९७० मध्ये त्याच गिरणीचा पुन्हा अभ्यास केला, तेव्हा काही खात्यांत गटपद्धती विरून गेलेली आढळली, तर एका खात्यात ती टिकून होती. बदल एकदा झाला म्हणजे कायम राहतो असे नाही, हा या पाठपुराव्याचा निष्कर्ष मूळ प्रयोगाइतकाच मोलाचा आहे आणि पाठपुरावा करणारे संशोधक आजही फार थोडे आहेत, हे खेदाने नमूद करावे लागते.

कापडगिरणीत जे मागांच्या बाबतीत घडले, ते बँकेत नोंदवहीच्या बाबतीत घडले. संगणकामुळे नोकऱ्या जातील या भीतीने कर्मचारी संघटनांनी त्याला दीर्घकाळ विरोध केला, आणि १९८३ मध्ये मर्यादित यंत्रीकरणाचा करार झाला. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये शाखांतील यंत्रीकरणाची दिशा आखून दिली, १९८९ मध्ये त्यांच्याच दुसऱ्या समितीचा अहवाल आला, १९९३ मध्ये संघटनांशी अधिक व्यापक करार झाला, आणि पुढे केंद्रीय दक्षता आयोगाने बँकांच्या संगणकीकरणासाठी मुदती घालून दिल्या. भ्रष्टाचारावर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेने संगणकाचा आग्रह धरावा, ही गोष्ट त्या काळातील विश्वास नेमका कशावर होता हे दाखवते: नोंद यंत्रात गेली की ती सुरक्षित झाली, असा तो विश्वास होता.

हाताने लिहिलेल्या लेजरचा काळ या दृष्टीने जवळून पाहण्यासारखा आहे. त्या काळी खाते शाखेचे असे. व्हाउचर पाहून कारकून लेजरमध्ये नोंद करी, अधिकारी नोंदीसमोर आद्याक्षरी करी, दिवसअखेर डे-बुक जुळवले जाई आणि ठरावीक काळाने लेजरमधील सर्व शिलकांची बेरीज सर्वसाधारण खातेवहीशी ताळून पाहिली जाई. बेरीज जुळली नाही तर रात्री उशिरापर्यंत शाखेचे दिवे चालू राहत. निरीक्षकाला अक्षर ओळखता येई, शाई बदललेली दिसे आणि खाडाखोड लपत नसे. मूळ बँकिंग प्रणाली, म्हणजे सर्व शाखांची खाती एकाच मध्यवर्ती संगणकावर ठेवणारी कोअर बँकिंग व्यवस्था, आल्यावर खाते बँकेचे झाले आणि ग्राहकाची कायमची सोय झाली. हा लाभ निर्विवाद आहे. परंतु अक्षराची जागा वापरकर्ता क्रमांकाने घेतली. ‘मेकर-चेकर’ म्हणजे एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती मंजूर करायची हा नियम सॉफ्टवेअरमध्ये बसवला गेला. मात्र शाखेत माणसे कमी असताना अधिकाऱ्याचा पासवर्ड काउंटरवरच्या कारकुनालाही ठाऊक असणे हा प्रकार बँकिंग क्षेत्रात सर्वांच्या परिचयाचा आहे. अशा शाखेत दोन सह्या संगणकाला दोन दिसतात आणि प्रत्यक्षात एकच हात काम करत असतो. कागदावर ही गोष्ट अक्षरावरून कळली असती.

पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणाने हा प्रश्न संपूर्ण देशासमोर आणला. मुंबईतील फोर्ट भागातील ब्रॅडी हाउस शाखेतून परदेशी बँकांना हमी देणारी पत्रे, म्हणजे ‘लेटर ऑफ अंडरटेकिंग’, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीद्वारे पाठवली गेली, परंतु त्यांची नोंद कोअर बँकिंग व्यवस्थेत झाली नाही. तपास यंत्रणांच्या आरोपांनुसार हे अनेक वर्षे चालले, आणि बँकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये शेअर बाजारांना कळवलेला आकडा सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा होता, जो पुढे १३,००० कोटींच्या वर गेला. लेखापरीक्षक जो संगणक तपासत होते त्यात हमीपत्रे नव्हतीच. ती शेजारच्या दुसऱ्या संगणकात होती. दोन्ही यंत्रणा जोडण्याची आणि स्विफ्टचा दुरुपयोग टाळण्याची सूचना आपण ऑगस्ट २०१६ पासून बँकांना वारंवार दिली होती, असे रिझर्व्ह बँकेने नंतर जाहीर केले. सूचना होती, तंत्र उपलब्ध होते, पैसाही होता. ती अमलात आणण्याची जबाबदारी नेमकी कोणत्या टेबलाची, हे ठरलेले नव्हते. कारभाराचा अभाव असतो तो असा.

पंजाब ॲण्ड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे प्रकरण याहून वेगळे आणि महाराष्ट्राच्या अधिक जिव्हाळ्याचे आहे. रिझर्व्ह बँकेने २३ सप्टेंबर २०१९ रोजी या बँकेवर निर्बंध घातले आणि सुरुवातीला ठेवीदाराला केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. एकाच बांधकाम समूहाला दिलेले कर्ज एकूण कर्जांच्या सत्तर टक्क्यांहून अधिक होते, आणि ते झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवली गेली, असे तपासात पुढे आले. ही बनावट खाती कोअर बँकिंग प्रणालीत उघडलेलीच नव्हती. ती नियामकाला सादर केलेल्या कर्जखात्यांच्या यादीत होती. एका प्रकरणात खरा व्यवहार संगणकाबाहेर राहिला, तर दुसऱ्यात खोटी माहिती संगणकाबाहेर तयार झाली. दोन्हीकडे संगणकातील नोंद आणि वरिष्ठांपर्यंत किंवा नियामकापर्यंत पोहोचणारी नोंद यांचा ताळा कोणी घेतला नाही. आयुष्याची पुंजी ठेवणाऱ्या निवृत्तांना आणि लहान गृहनिर्माण संस्थांना त्याची किंमत मोजावी लागली, आणि व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकाने या किमतीकडे केवळ उदाहरण म्हणून पाहणे पुरेसे नाही.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमच्या विनंतीला मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी बनावट यंत्रणा उभी केली होती, त्यामुळे मंजुरीचे उत्तर बँकेकडून येतच नव्हते. येथे धोका बाहेरून आला, म्हणून त्याचा विचार वेगळा व्हायला हवा. पण मंजुरी देणारा खरा आहे की नाही हे कोण पाहतो, हा प्रश्न येथेही तोच आहे.

सत्यम कॉम्प्युटर्सचा गैरव्यवहार जानेवारी २००९ मध्ये उघड झाला, तेव्हा माहिती तंत्रज्ञान हाच व्यवसाय असलेल्या कंपनीत बनावट बिले तिच्याच संगणकप्रणालीत विशेष अधिकार असलेल्या ‘सुपर यूजर’ खात्यातून तयार होत होती आणि संबंधित विभागप्रमुखांना ती दिसणार नाहीत अशी सोय केली होती, असे तपासात आढळले. कायद्याने याचे उत्तर उशिरा दिले. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणारा ‘एडिट लॉग’ असणे आणि तो बंद करता न येणे बंधनकारक झाले. ही तरतूद योग्य आहे. मात्र हा लॉग वाचायचा कोणी, किती दिवसांनी आणि त्यात काही आढळल्यास कोणाला कळवायचे, हे प्रत्येक संस्थेला ठरवावे लागेल.

यंत्रातील नोंदीवर अतिविश्वास ठेवला तर काय होते, याचा सर्वांत वेदनादायक दाखला ब्रिटनच्या टपाल खात्याने दिला. १९९९ पासून तेथील टपाल कार्यालयांत बसवलेल्या होरायझन या हिशेबप्रणालीने दाखवलेली तूट खरी मानून उपटपाल कार्यालये चालवणाऱ्या नऊशेहून अधिक व्यक्तींना दोषी ठरवले गेले. प्रणालीत दोष होते आणि पुरवठादार कंपनी बाहेरून खात्यांत बदल करू शकत होती, हे उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये मान्य केले, आणि २०२४ मध्ये संसदेला स्वतंत्र कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. भारतीय साक्ष अधिनियमाने संगणकीय नोंद पुरावा म्हणून मांडताना प्रमाणपत्राची अट घातली आहे. त्या प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या शाखाधिकाऱ्याला आपण नेमके कशाची हमी देतो हे कितपत माहीत असते, हा एका प्रबंधाला पुरेल एवढा विषय आहे.

महाराष्ट्रातील या विषयाच्या संशोधनाबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. पीएच.डी.चे बरेच प्रबंध संगणकाविषयी कर्मचाऱ्यांचे मत प्रश्नावलीतून विचारतात, सहमतीच्या पाच पायऱ्यांवर उत्तरे मोजतात आणि समाधान वाढल्याचा निष्कर्ष काढतात. अशा मोजणीला तिची जागा आहे. परंतु पासवर्ड कोणाकडे आहे, परतताळा कोण घेतो आणि तपासणीत काढलेली त्रुटी संचालक मंडळाच्या सभेत किती दिवसांनी येते, हे प्रश्न त्या प्रश्नावलीत नसतात. वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले, की तंत्रज्ञान माणसांच्या वापरातून घडते आणि त्याच वापराला वळणही देते. हे तत्त्व उद्धृत करणारे प्रबंध पुष्कळ आहेत, शाखेत बसून तो वापर पाहणारे विरळ.

आणि पाहण्याची वेळ आत्ताच आहे. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाचा, मूळ २,५१६ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला, आणि महाराष्ट्रातील हजारो विविध कार्यकारी सोसायट्या त्यामुळे एका समान राष्ट्रीय सॉफ्टवेअरवर येत आहेत. अनेक जिल्ह्यांत या सोसायट्यांची दफ्तरे गटसचिव सांभाळत आला आहे: त्याची नेमणूक देखरेख संस्थेची, काम सोसायटीचे, आणि कर्जाचा पैसा जिल्हा मध्यवर्ती बँकेचा. एका गटसचिवाकडे एकाहून अधिक गावे असतात आणि सभासदाची येणेबाकी, सातबारा व कमाल मर्यादा पत्रक यांचा मेळ त्याच्याच डोक्यात असतो. कर्जाचे ‘नवे-जुने’ करणे, म्हणजे मुदत संपताना हातउसने किंवा सावकाराकडून रक्कम आणून जुने कर्ज फेडल्याचे दाखवणे आणि थोड्याच दिवसांत नवे उचलून ती परत करणे, हा ग्रामीण महाराष्ट्रातील रुळलेला व्यवहार आहे. संगणक त्याची वसुली शंभर टक्के आणि वाटपही शंभर टक्के अशीच नोंद करील, ती नोंद अचूक असेल, आणि शेतकऱ्यावर वाढलेला सावकारी बोजा तिच्यात दिसणार नाही. नोंद काय सांगते आणि काय सांगत नाही, हे गावात जाऊन तपासणारा संशोधकच हा फरक मांडू शकेल.

त्यासाठी या परिषदेची विनंती आहे की, नागरी सहकारी बँकांनी आणि सोसायट्यांनी आपली जुनी लेजरे, कीर्द-खतावण्या आणि संचालक मंडळाची इतिवृत्ते संगणकीकरण पूर्ण झाले म्हणून रद्दीत न घालता, सभासदांची गोपनीयता राखून, अभ्यासकांसाठी खुली करावीत. पुण्याच्या वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्थेने आणि विद्यापीठांच्या वाणिज्य विभागांनी त्यांच्या जतनाची जबाबदारी वाटून घ्यावी. आणि मार्गदर्शक प्राध्यापकांनी निदान एका विद्यार्थ्याला येत्या हंगामात, पीककर्ज वाटपाच्या दिवसांत, गटसचिवाच्या शेजारी बसून पाहण्यासाठी पाठवावे.