गाळलेला शब्द आणि वाढलेला संशय



अमेरिकेत दर डिसेंबरात टीव्हीवर हमखास लागणारा एक विनोदी चित्रपट आहे, १९८९ सालचा ‘नॅशनल लॅम्पून्स ख्रिसमस व्हेकेशन’. नाताळच्या जेवणाआधी वयोवृद्ध बेथनीबाईंना प्रार्थना म्हणायला सांगतात आणि त्या राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञाच म्हणून टाकतात. पुढे घरमालक क्लार्कला बोनसऐवजी जेली क्लबचं सभासदत्व मिळतं आणि त्याच्या तोंडून शिव्या आणि ‘हालेलूया’ एकत्रच बाहेर पडतात. ही वाक्यं अनेक कुटुंबांना तोंडपाठ आहेत. टीव्हीवर त्यातला देवाधर्माचा एखादा शब्द गायब झाला की ते लगेच खटकतं, आणि मनात येतं, वाहिनीने देवाचं नाव मुद्दाम गाळलं.

हा संशय मला हसण्यावारी न्यावासा वाटत नाही. तिथल्या टीव्हीवर ‘गॉडडॅम’ या शिवीतलं ‘गॉड’ मुकं करून ‘डॅम’ तसंच ठेवायची पद्धत आहे. ऐकणाऱ्याच्या कानाला नेमकं देवाचंच नाव गाळलेलं कळतं. कापणाऱ्याचा हेतू मात्र उलटा असतो: देवाचं नाव शिवीत वापरलेलं ऐकून भाविक दुखावू नयेत. एकाच कात्रीत एकाला धर्माची बूज दिसते, दुसऱ्याला धर्मावरचा घाव.

या कात्रीचं मूळ जुनं आहे. १९३० साली हॉलिवूडने स्वतःसाठी केलेल्या आणि १९३४पासून कडकपणे पाळलेल्या हेज संहितेत देव, येशू, ख्रिस्त ही नावं आदराने घेतली तरच चालत. पुढे १९५२ साली दिग्दर्शक रॉसेलिनीच्या ‘द मिरॅकल’ या चित्रपटाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की, धर्माची विटंबना होते एवढ्या कारणावरून सरकारला चित्रपट अडवता येणार नाही. असभ्य बोलण्याबद्दलचे सरकारी नियम आजही आहेत. पण ते सर्वांना मोफत दिसणाऱ्या प्रक्षेपणाला लागू आहेत, केबलला नाहीत. केबलवाल्यांची कात्री चालते ती त्यांच्या स्वतःच्या धोरणामुळे आणि जाहिरातदारांच्या धास्तीने.

धास्ती धर्माचीही असू शकते, हे मान्य करायला हवं. १९६५ साली ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ हा टीव्हीवरचा कार्टून कार्यक्रम तयार झाला, तेव्हा त्यात लायनस नावाचं पोरगं रंगमंचावर उभं राहून लूकच्या शुभवर्तमानातला येशूजन्माचा उतारा म्हणतं, याची निर्मात्यांनाच काळजी वाटली होती. चार्ली ब्राउनचे व्यंगचित्रकार चार्ल्स शुल्झ यांनी आग्रह धरला आणि तो उतारा राहिला. ९ डिसेंबरला सीबीएसवर तो कार्यक्रम लागला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. एका व्यंगचित्रकाराचा हट्ट नसता, तर काय गाळलं गेलं हे प्रेक्षकांना कधी कळलंच नसतं.

उलट बाजूही सांगतो. डिसेंबर २०१९मध्ये कॅनडाच्या सीबीसीवर ‘होम अलोन २’मधून डोनाल्ड ट्रम्प यांचं छोटंसं दृश्य गायब दिसलं आणि राजकीय सूडाचा आरोप झाला. सीबीसीने खुलासा केला की, जाहिरातींना जागा करण्यासाठी २०१४ सालीच, म्हणजे ट्रम्प निवडणुकीला उभे राहण्याच्याही आधी, तो कट झाला होता. पाच वर्षं गुलदस्त्यात राहिलेली साधी गोष्ट! आधीच सांगितली असती तर वादळ उठलंच नसतं.

आपल्याकडेही वेगळं नाही. केबल टीव्हीच्या १९९४च्या नियमांत धर्मावर हल्ला करणारे आणि धार्मिक गटांची अवहेलना करणारे शब्द वर्ज्य आहेत. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने प्रौढांसाठीचे चित्रपट टीव्हीवर दाखवण्याविरुद्ध आदेश दिला. नियम आहेत, ते असावेतही. पण कुठला शब्द कोणत्या नियमाने गेला, हे घरी बसलेल्या माणसाला कोण सांगतं?

सेन्सॉर बोर्ड एखादा चित्रपट कापतं, तेव्हा निदान प्रमाणपत्रावर कटांची नोंद होते. वाहिनी मात्र ‘आवश्यक ते बदल केले आहेत’ एवढ्यावर भागवते. संकलकाला कट करताना कुठला शब्द कुठे गेला हे माहीत असतंच. ती यादी वाहिनीने आपल्या संकेतस्थळावर ठेवावी, आणि प्रत्येक कटापुढे कारण लिहावं: वेळ, शिवी की धर्म. एवढीच माझी मागणी आहे, आणि ती मी इथे जाहीरपणे करतो.