फोनच्या त्या टोकाला कोण आहे?



डॉक्टरला फोन करून औषध विचारणं आपल्याकडे लँडलाइनच्या काळापासून चालत आलं आहे. त्याला रीतसर नियम मात्र नव्हते. ते आले २५ मार्च २०२० रोजी, देशभर टाळेबंदी लागली त्याच दिवशी. नोंदणीकृत डॉक्टरने व्हिडिओवर पाहून, आवाज ऐकून किंवा नुसत्या लिखित संदेशावरून सल्ला द्यायला हरकत नाही, हे त्या दिवशी स्पष्ट झालं. कोणती औषधं व्हिडिओवर पाहिल्याशिवाय पहिल्यांदा द्यायची नाहीत, कोणती फोनवरून मुळीच लिहायची नाहीत, हेही ठरलं. पुढच्याच महिन्यात सरकारची 'ई-संजीवनी' ही दूरसल्ल्याची सेवा घरोघरच्या मोबाइलवर आली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावरच्या सल्ल्यांनी १० कोटींचा आकडा ओलांडला.

या आकड्याचा मला मनापासून आनंद आहे. तालुक्याच्या दवाखान्यात येण्यासाठी एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी घालवणारी माणसं मी रोज पाहतो. बीपीची गोळी तीच चालू ठेवायची का, एवढंच विचारायला त्यांनी का यावं? पण फोनवरून मला पोट दाबून पाहता येत नाही, छातीला स्टेथोस्कोप लावता येत नाही. त्या टोकाला जो कोणी असेल त्याचेच डोळे आणि त्याचीच बोटं मला वापरायची असतात. फोन कितीही महागडा असो, सल्ला चांगला की वाईट हे त्या माणसावर ठरतं.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. आठ महिन्यांचं मूल, खोकला आणि ताप. हा साधा खोकला की न्यूमोनिया? त्याची खूण श्वासात असते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, पाच वर्षांच्या आतल्याचे ४० किंवा जास्त भरले, तर सावध व्हायचं. व्हिडिओवर मी हे मोजायला जातो तेव्हा चित्र मधेच थिजतं आणि चार-पाच श्वास हातचे निसटतात. म्हणून मी आईलाच मोजायला लावतो. मूल रडत नसावं, अंगावर पीत नसावं. झबलं वर करायचं. पोट वर आलं की तिने मोठ्याने आकडा म्हणायचा, घड्याळ माझ्याकडे. पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. शेवटी विचारायचं, श्वास आत घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडतो का? पडत असेल तर फोनवरचं काम संपलं, मुलाला घेऊन निघायचं.

डॉक्टर नसलेल्या माणसाला हे जमतं, हे गडचिरोलीत फार आधी सिद्ध झालं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने निरक्षर सुईणींसाठी श्वास मोजायचं एक साधन बनवलं होतं. त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ होतं आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. आज हातात कॅमेरा आहे, पण ते मणी सरकवायला आपण कुणाला शिकवलं?

आता जरा अवघड गोष्ट. घरातला फोन असतो कुणाच्या खिशात? बहुतेक नवऱ्याच्या, नाहीतर मुलाच्या. 'मंडळींना अशक्तपणा वाटतोय, टॉनिक सांगा,' असा फोन येतो. मागून बाईचा आवाजही येत नाही. अंगावरून जातंय, लघवीला जळजळ होते, हे ती नवऱ्याच्या तोंडून कशी सांगणार? राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा जो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडला, त्यात ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग निघाला होता आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हे दुखणं तेव्हा दवाखान्यापर्यंत पोहोचत नव्हतं, आणि आज ते फोनपर्यंत तरी पोहोचतं का? अशा वेळी मी फोन तिच्याकडे द्यायला सांगतो, आणि 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर पुरेल असे प्रश्न विचारतो. स्पीकर चालू असला तरी तिला तेवढं म्हणता येतं. सगळ्याच डॉक्टरांनी ही सवय लावून घ्यावी, असं मला कळकळीने वाटतं.

म्हणूनच ई-संजीवनीचा दुसरा मार्ग मला जास्त मोलाचा वाटतो. रुग्ण गावच्या उपकेंद्रात जातो, तिथली समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) त्याचं बीपी, साखर, ताप पाहते आणि मग मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरशी जोडून देते. फोनच्या त्या टोकाला शिकलेलं माणूस असतं आणि बाईला बोलायला अनेकदा बाईच समोर असते. ही सोय कागदावर राहू नये, हे आपल्या हातात आहे. आपल्या उपकेंद्रात सीएचओ ताई किती वाजता असतात, बीपीचं यंत्र चालतं का, रेंज येते का, तपासणीच्या खोलीचं दार लागतं का, हे येत्या ग्रामसभेत विचारा.

आणि छातीत दुखून घाम फुटला असेल, तोंड वाकडं झालं असेल, तान्हं बाळ दूध ओढेनासं झालं असेल, तर मला व्हिडिओ पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका. १०८ फिरवा, आणि गाडी येईपर्यंत रुग्णाचे सगळे जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरून ठेवा.