गल्ली कुणाच्या बापाचं गोदाम?

(वस्तीतल्या पोरांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. कायद्याची कलमं तेवढी नंतर तपासून घातली.)



मला इथं कविता वाचायला बोलावलंय. कविता खिशात आहे. ती खिशातच राहू द्या. आज मी ट्रेलरवर बोलणार आहे. हसू नका. ज्याच्या दारात ट्रेलर उभा नाही त्यानं खुशाल हसावं. आपल्यात असा कोण आहे?

मी मॅट्रिक. गोदीत कंत्राटावर काम करतो. शिवडी-वडाळ्याच्या पट्ट्यात, बंदराच्या भिंतीला लागून आमची गल्ली. ही गल्ली मी टेप लावून मोजली. २० फूट. ट्रेलर ८ फूट रुंद. डाव्या अंगाला एक, उजव्या अंगाला एक. आठ आणि आठ सोळा. उरले चार. एवढं गणित मला शाळेत पण येत होतं. चार फुटांतून सायकल जाते. हंडा घेतलेली बाई अंग चोरून जाते. तिरडी जाते. अँब्युलन्स जात नाही. आगीचा बंब जात नाही.

लांबीचं पण ऐका. मोठी पेटी ४० फुटांची. आमच्या खोल्या १० फुटी. म्हंजे एक पेटी लागली की चार घरांची दारं झाकली. पेटी साडेआठ फूट उंच, त्यात चाकांवर चढलेली. माळ्याची खिडकी उघडली की समोर पत्रा. उजेड नाही, वारा नाही. रात्री संडासला निघालेली बाई त्या दोन गाड्यांच्या बोळातून जाते. पोरांचा बॉल चाकांखाली जातो, पोरगं बॉलमागं आत शिरतं, आणि मागं घेणाऱ्या ड्रायव्हरला आरशात ते पोरगं दिसत नाही. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. आपण त्याची सवय करून घेतलीय, एवढंच.

आता एका रात्रीचं सांगतो. मागच्या पावसाळ्यातली. शेजारच्या काकांच्या छातीत दुखायला लागलं. रात्रीचे दोन. पोरांनी फोन केला, अँब्युलन्स आली, गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. पुढं सरकायला जागा नाही. आम्ही काकांना खुर्चीवर बसवलं, खुर्ची चौघांनी उचलली, त्या चार फुटांतून आडवेतिडवे होत निघालो. वरून पाऊस. माझा खांदा ट्रेलरच्या साखळदंडाला घासत होता. काका वाटेतच गेले. गाडी दारात आली असती तर वाचले असते का? मला सांगता येणार नाही. डॉक्टरनंही सांगितलं नाही. पण ती दहा मिनिटं कुणीतरी आमच्याकडून काढून घेतली, हे मी सांगू शकतो.

मग आम्ही काय केलं? दगड उचलले. पहिला दगड माझा. काच फुटली. ड्रायव्हरला केबिनमधून खाली ओढला. दोन ठोसे मीच दिले. पोरगा माझ्याच वयाचा. बीडकडचा. आईबाप ऊसतोडीला जाणारे. तो हात जोडून म्हणत होता, "मला बी जायचंय हो घरी. दोन दिस झाले, गाडी खाली होईना. मी गाडी टाकून कुठं जाऊ?" 

तेव्हा कुणीतरी बॅटरी मारली आणि मी ट्रेलरवरची कॉइल बघितली. पोलादाची, २० टनांची. तिच्यावर खडूनं नंबर घातलेला होता. अक्षर माझं होतं.

मित्रहो, ती कॉइल मीच लादली होती. आदल्या दिवशी, माझ्या पाळीत. क्रेनचा दोर मी लावला, खाली लाकडी ठोकळे मी ठोकले, नंबर मी घातला. माझ्याच हातचा माल माझ्या दारात येऊन उभा राहिला होता, आणि मी त्या माल ओढणाऱ्याला मारत होतो. मालाचा मालक त्या रात्री कुठं होता? झोपला होता. त्याच्या गल्लीत ट्रेलर नसतो.

त्या दिवसापासून मी विचार करतोय की हा ट्रेलर इथं येतो का. ड्रायव्हर माजला म्हणून येतो, असं आपण म्हणतो. ते खोटं आहे. धक्क्यावर माल पडून राहिला तर ठराविक दिवसांनंतर भाडं चढतं. त्याला गोदीत डेमरेज म्हणतात. जितके दिवस जास्त तितका आकडा फुगतो. म्हणून माल धक्क्यावरून घाईनं बाहेर काढतात. बाहेर काढला, पण घेणाऱ्याचं गोदाम रिकामं नाही. कुठं कागद अडलेत. कुठं शहरात अवजड गाड्यांना गर्दीच्या वेळी बंदी आहे, रात्र व्हायची वाट बघायची. तोवर गाडी उभी कुठं करायची? पैसे भरून उभी करायची जागा असते, पण तिला पैसे पडतात. आमच्या गल्लीला पैसे पडत नाहीत. धक्क्याला भाडं आहे, गोदामाला भाडं आहे, गल्ली फुकट. एवढाच त्याचा अर्थ. वाचलेलं भाडं मालकाच्या खिशात, आणि त्याची किंमत आमच्या काकांच्या छातीत.

पूर्वी माल गोणीगोणीनं उतरायचा. गोदीत टोळ्या होत्या, गोदामं होती. १९५६ साली अमेरिकेत मॅल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्यानं ५८ पेट्या एका जहाजावर चढवल्या आणि न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेल्या. तिथून कंटेनरचा धंदा सुरू झाला. आपल्याकडं १९८९ साली न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं. २०२४-२५ या एका वर्षात तिथून २० फुटी पेटीच्या हिशेबानं ७० लाखांवर पेट्या गेल्या-आल्या. पेटीनं गोदीतले हात कमी केले हे सगळे सांगतात. दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. पेटीच गोदाम झाली. गोदामाला चाकं लागली. आणि चाकं लागलेलं गोदाम तिथंच जाऊन थांबतं जिथं त्याला हाकलणारा कुणी नाही. उरणला जा, कळंबोलीला जा, माहुलला जा. नाव बदलतं, गल्ली तीच.

मलबार हिलच्या चढावर रात्रभर एक ट्रेलर उभा करून दाखवा. अर्ध्या तासात टोइंगची गाडी येईल. कायदा तिथं आणि इथं एकच आहे. फोन उचलणारा कान एक नाही.

आणि हे नुसतं गैरसोयीचं प्रकरण नाही. १४ एप्रिल ही तारीख आपल्याला कुणी शिकवायला नको. पण त्याच तारखेला, १९४४ साली, व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाच्या जहाजाचा स्फोट झाला. पोटात दारूगोळा आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्या. धोक्याचा लाल बावटा चढवलेला नव्हता. शेकडो माणसं मेली. ६६ अग्निशामक जवान मेले. गोदीला लागून राहणाऱ्या हजारोंची घरं गेली. आज धोक्याचा माल नेणाऱ्या गाडीवर तसा फलक लावायचा नियम आहे. पण फलक वाचायचा कुणी? रात्री टँकर येऊन उभा राहतो, त्याच्या पलीकडं पाच हातांवर चूल पेटते. आत काय आहे हे ना चूल पेटवणारीला माहीत, ना कधी कधी ड्रायव्हरला. आणि पेटलंच तर बंबाला वाट किती? चार फूट.

आता कायदा. कायद्यावर माझा आंधळा विश्वास नाही. पण जे हत्यार हातात आहे ते गंजू का द्यायचं? मोटार वाहन कायदा १९८८. कलम १२२ सांगतं की धोका, अडथळा किंवा गैरवाजवी त्रास होईल अशी गाडी सार्वजनिक जागेत उभी ठेवता येत नाही. कलम १२७ सांगतं की गाडी दहा तास किंवा जास्त बेवारस उभी असली, किंवा मनाई असलेल्या जागी असली, तर गणवेशातला पोलीस ती ओढून न्यायला लावू शकतो आणि खर्च मालकाच्या माथी. कलम ११७ सांगतं की गाड्या कुठं उभ्या राहाव्यात ती जागा सरकारनं किंवा सरकारनं नेमलेल्यानं ठरवावी. म्हंजे जागा ठरवणं हे त्यांचं काम. ती न ठरवता आमच्या दाराकडं काणाडोळा करणं हे काम नाही.

दंडाचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधा दंड पहिल्या खेपेला ५०० रुपये, पुढं १५००. लाखोंच्या मालावर पाचशे रुपये! मालक ते खर्चात धरतो, आणि पुष्कळदा ड्रायव्हरच्या पगारातून कापतो. म्हणून नुसता दंड मागू नका. गाडी उचला म्हणा.

आणखी एक. १९८० साली रतलामच्या एका वॉर्डातल्या रहिवाशांच्या खटल्याचा निकाल सुप्रीम कोर्टात लागला. उघडी गटारं, घाण, वास. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी सांगितलं की पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. तो खटला फौजदारी संहितेच्या १३३ कलमाखाली होता. २०२४ पासून तेच कलम नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १५२ आहे. रस्त्यावरचा अडथळा हटवा असा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो. अर्ज कोण करू शकतो? तुम्ही. मी. ती हंडा घेतलेली बाई.

तुम्ही म्हणाल, कागदानं काय होतं? बरोबर आहे. १९२३ साली बोल्यांचा ठराव पास झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेनं तळं खुलं केलं. कागदावर. पाणी प्यायला २० मार्च १९२७ ला पायानं चालत जावं लागलं. मी ट्रेलरची बरोबरी चवदार तळ्याशी करत नाही, तेवढा मी येडा नाही. मी एवढंच म्हणतो की सार्वजनिक हा शब्द बाबासाहेबांनी आपल्याला फुकट मिळवून दिलेला नाही. गावात रस्ता होता, आपल्याला नव्हता. शहरात आलो, रस्ता दारापर्यंत आला. आता त्याच्यावर माल निजतो आणि आपण अंग चोरतो. ही अंग चोरायची सवय जुनी आहे. ती सोडायचीय.

आमच्या गल्लीत आम्ही काय केलं ते सांगतो, मोठेपणा म्हणून नाही. एक वही केली. गाडीचा नंबर, आली कधी, गेली कधी. फोनवर वेळेसकट फोटो. दहा तास झाले की त्याखाली लाल रेघ. वही बायकांच्या ताब्यात, कारण रात्री जाग त्यांनाच असते. महिनाभराची वही घेऊन वाहतूक चौकीत गेलो, वॉर्ड ऑफिसात गेलो, बंदराच्या ऑफिसात गेलो. चौकी म्हणाली रस्ता बंदराचा. बंदर म्हणालं गाड्या पोलिसांच्या. वॉर्ड म्हणाला आमच्याकडं नाहीच. प्रत्येकाकडून ते लेखी मागितलं. लेखी म्हटल्यावर साहेबांचा आवाज खाली आला. मग गल्लीत चुन्याची रेघ मारली. उजवी बाजू मोकळी, १२ फुटांची वाट, बंबासाठी. रेघेवर गाडी दिसली की ड्रायव्हरला उठवायचं, चहा द्यायचा, आणि गाडी हलवायला लावायची. हात उचलायचा नाही. माझ्यासकट कुणीच नाही.

बीडचा तो पोरगा परत आला होता. नवी काच बसवून. काचेचे पैसे मालकानं त्याच्याच पगारातून कापले होते. आम्ही वर्गणी काढून दिले. तो घेईना. मी म्हणलं, घे, दगड माझा होता. मग तो ओट्यावर बसला आणि त्यानं ड्रायव्हरांच्या अडचणी सांगितल्या. गेटाबाहेर संडास नाही. पाणी नाही. नंबर कधी लागेल ते कुणी सांगत नाही. १९६१ च्या मोटार कामगारांच्या कायद्यात लिहिलं होतं की रात्री मुक्काम पडतो तिथं मालकानं विश्रांतीची खोली द्यावी. त्या पोरानं अशी खोली जन्मात पाहिली नव्हती. तो केबिनमध्ये झोपतो आणि आमच्या भिंतीवर मुततो, कारण दुसरी भिंत त्याला दिलेलीच नाही. आता आमच्या अर्जात त्याच्या मागण्या पण आहेत. गेटाजवळ गाडीतळ, संडास, पाणी, आणि नंबर लागल्यावरच गाडी बोलवायची. त्याच्या मागण्या पुऱ्या झाल्या की आमची गल्ली आपोआप मोकळी होते. हे समजायला मला एक काच फोडावी लागली.

सगळं जिंकलो असं समजू नका. उजवी बाजू बहुतेक रात्री मोकळी असते. डावीकडं अजून ट्रेलर आहेत. कुणी धमकीचा फोन करतं. दंडाधिकाऱ्याकडच्या अर्जाला तारखा पडतायत. वही तिसरी चालू आहे.

तर मित्रहो, आज घरी गेल्यावर एक काम करा. टेप घ्या. आपली गल्ली मोजा. ट्रेलरची रुंदी त्यातून वजा करा. जे उरतं त्यातून आपल्या आईला खुर्चीवर घालून नेता येईल का बघा. नेता येत नसेल तर वही घ्या आणि पहिला नंबर लिहा.

कविता पुढच्या वेळी. जय भीम.