नवी मांडणी, जुना हात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. एवढ्या बायकांसमोर उभे राहून बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ. पाय लटपटत आहेत, पण ते टेबलाआड असल्यामुळे तुम्हाला दिसत नाहीत एवढेच. चिटणीसबाई म्हणाल्या, "पाककृतीवर नको, ते दरवर्षी होते. तुमची ती संगणकाची हकीगत सांगा." मी म्हटले, "अहो, त्यात माझी फजितीच आहे." त्या म्हणाल्या, "म्हणूनच सांगा." तेव्हा ऐका.

२२ जुलै २०२१ ला आपल्या चिपळूणात पाणी शिरले, ते इथे कोणाला सांगायला नको. वाशिष्ठी घराघरांत येऊन गेली. मंडळाच्या खोलीतल्या कपाटात भिशीच्या, कर्जाऊ रकमांच्या आणि फराळाच्या मिळून सतरा वह्या होत्या. पाणी ओसरल्यावर कपाट उघडले, तर वह्यांचा लगदा झालेला. कोणाचे देणे किती, कोणाचे येणे किती, ते सारे आठवून, एकमेकींच्या शब्दावर विश्वास ठेवून आपण नव्याने लिहून काढले. त्यात एकीनेही खोटा आकडा सांगितला नाही, ही आपल्या मंडळाची पुण्याई. पण त्याच वेळी ठरले, की यापुढे हिशेब संगणकावर ठेवायचा. वर्गणी काढून एक वापरलेला संगणक घेतला. तो चालवायचा कोणी, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. कारण काय, तर माझे घर खोलीला लागून!

पहिले सहा महिने मी त्या यंत्राला घाबरूनच होते. पण हळूहळू हात बसला. मराठी अक्षरांची ती मांडणी, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने, ती मला बरी वाटली. शाळेत बाराखडी घोकली होती, ती तीस वर्षांनी कामाला आली. मग भिशी, कर्जाचे हप्ते, पापड-मसाल्याची विक्री, सारे मी एक्सेलच्या तक्त्यात लिहू लागले. बेरीज आपोआप होई. खरे सांगते, मनात थोडा ताठाही शिरला. वही ठेवणे मी बंद केले. संगणक आहे ना, मग कागद कशाला?

आता संगणकात जी कार्यप्रणाली असते, तिच्याविषयी मला समजले तेवढे सांगते. संगणक म्हणजे घर धरा. त्यात लिहिण्याचा कार्यक्रम, हिशेबाचा कार्यक्रम, छपाईचे यंत्र ही सगळी घरातली माणसे. त्यांच्यात कोणाला कधी वाढायचे, कोणती वस्तू कोठे ठेवायची, दार कोणाला उघडायचे आणि कोणाला नाही, हे पाहणारी जी घरची बाई, ती कार्यप्रणाली. सगळे सुरळीत चालते तोवर ती आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. आपल्यासारखेच!

आपल्या संगणकावर विंडोज १० ही प्रणाली होती. ती २०१५ साली निघाली. तिच्यात एखादी फट सापडली, की तयार करणारे लोक ती बुजवून पाठवीत. ही नेहमीची फुकट डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार, असे जाहीर झाले होते. त्या दिवशी संगणक बंद पडणार होता असे नव्हे. तो चालतच राहिला असता. पण नवी फट पडली तर बुजवणारे कोणी नाही. कौले फुटली तर फुटली, नवीन बसणार नाहीत, अशा घरात पावसाळा काढण्यासारखे ते होते. आपण त्यावर बँकेचे काम करतो, तेव्हा हा धोका घेणे योग्य नव्हे. म्हणून विंडोज ११ घ्यायचे ठरले. ती प्रणाली प्रत्येक जुन्या यंत्रावर बसत नाही. तिला निदान ४ जीबी स्मृती आणि ६४ जीबी साठवण लागते, शिवाय टीपीएम नावाची सुरक्षेची सोय आणि पुरेसा नवा प्रोसेसर लागतो. दुकानातल्या मुलाने पाहून सांगितले, की आपला संगणक त्यात बसतो.

कोजागरी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ७ ऑक्टोबरला, तो मुलगा खोलीवर आला. वसुबारस १७ तारखेला. फराळाच्या ६३ मागण्या आल्या होत्या. कोणाला किती चकली, किती करंज्या, कोणाचे पार्सल ठाण्याला, कोणाचे पुण्याला, कोणी आगाऊ किती दिले, हे सारे त्या संगणकात आणि फक्त त्या संगणकातच होते.

मुलाने विचारले, "काकू, बॅकअप घेतलाय ना?"

मी म्हटले, "हो."

मैत्रिणींनो, बॅकअप म्हणजे काय, ते मला ठाऊक नव्हते. सगळ्या वस्तूंची दुसरी प्रत काढून बाजूला ठेवली आहे ना, एवढेच तो विचारीत होता. पण तो विशीतला पोर, मी चार वर्षे संगणक चालवणारी बाई. "ते काय असते रे बाळा?" एवढे पाच शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. सातवी शिकलेल्या माणसाला एक खोड असते. आपल्याला येत नाही हे उघडे पडेल, या भीतीने ते मान डोलावते. मी मान डोलावली.

तो आपले काम करून गेला. संध्याकाळी मी संगणक लावला, तो सगळेच परके. जे बटण खाली डाव्या कोपऱ्यात असायचे, ते मधोमध येऊन बसले होते. माझा हात सवयीने कोपऱ्यात जाई आणि तिथे हवामान उघडे. चिपळूणच्या बाईला न मागता पावसाचा अंदाज दाखवला तर तिच्या पोटात गोळा येणारच! माउसचे उजवे बटण दाबले, की पूर्वी शब्दांची लांब यादी येई. आता कात्री नि कागद अशी चित्रे आली, आणि नेहमीचे बरेचसे शब्द दिसेनात. मराठी अक्षरेही उमटेनात, नुसती इंग्रजी.

हे सगळे मी सोसले असते. पुरानंतर आपण सगळ्यांनीच स्वयंपाकघरे नव्याने मांडली. मिठाचा डबा दुसऱ्या फळीवर गेला, तरी महिनाभर हात जुन्याच फळीकडे जात होता. डोक्याला कळले, तरी हाताला कळायला वेळ लागतो. तसेच हे, असे मी मनाला समजावले. पण समोरच्या पडद्यावर माझ्या हिशेबाची ती पिवळी घडी असायची, ती नव्हती. इकडे शोधले, तिकडे शोधले. नाव लिहून शोधावे, तर मराठी लिहिता येईना. रात्री साडेअकरापर्यंत बसले. हिशेब नव्हता.

माझ्या तोंडचे पाणी पळाले. पुरात वह्या गेल्या, त्याला निसर्ग कारण झाला. हे मात्र माझ्या हाताने झाले होते.

आणि इथे माझी दुसरी चूक झाली. ती पहिलीहून मोठी. मी कोणालाच सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी चिटणीसबाईंनी विचारले, "नवीन संगणक कसा चाललाय?" मी म्हटले, "छान!" घरी येऊन एका कागदावर आठवून मागण्या लिहू लागले. ४१ आठवल्या. बावीस आठवेनात. आगाऊ रकमा तर निम्म्याही आठवेनात. शेजारच्या आजी आल्या. विचारू लागल्या, "माझ्या लेकाचे पार्सल लिहिलेस ना गं? पाचशे रुपये दिलेत हो मी." मी हो म्हटले. त्यांनी पाचशे दिले की तीनशे, हे मला आठवत नव्हते. म्हातारीचा शब्द खरा आहे हे ठाऊक असूनही क्षणभर माझ्या मनात शंका आली, आणि त्या शंकेचीच मला लाज वाटली. पुरानंतर ज्या विश्वासावर आपण वह्या उभ्या केल्या, तो माझ्याच मनात डळमळू लागला होता.

अशा चार रात्री गेल्या. आमच्या घरी हे म्हणाले, "तुला बरे नाही का?" मग मात्र मला राहवले नाही. यांना सगळे सांगितले. हे म्हणाले, "मग ज्याने बसवले त्याला विचार की!" इतकी साधी गोष्ट!

पाचव्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले. गिऱ्हाइके होती, तरी सगळ्यांसमोर म्हटले, "बाळा, मी तुला खोटे हो म्हटले. बॅकअप म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हते. आमचा हिशेब गेला आहे." तो हसला नाही, उलट ओशाळला. म्हणाला, "काकू, मीही नीट फोड करून विचारायला हवे होते." दुकान दुसऱ्यावर सोपवून तो माझ्याबरोबर आला.

त्याने दाखवले ते असे. नवी प्रणाली बसवताना जुन्या घरातले सामान फेकून दिलेले नसेल, तर ते सगळे बांधून एका अडगळीच्या खोलीत ठेवलेले असते. त्या खोलीचे नाव 'विंडोज डॉट ओल्ड'. त्यात जुन्या नावाची घडी उघडली, तिच्या आत माझी पिवळी घडी, आणि तिच्यात ६३ मागण्या जशाच्या तशा! आजींच्या नावापुढे पाचशे रुपयेच लिहिले होते. पण ही खोली कायमची राहत नाही. नव्या प्रणालीवरून जुनीवर परत जाण्याची मुभा दहा दिवस असते, आणि पुढे ते जुने सामान संगणक आपण होऊन काढून टाकतो. आणखी आठवडाभर मी लाजेने गप्प बसले असते, तर लाजेपायी ६३ घरांची दिवाळी गोंधळात गेली असती.

त्याच दिवशी मी अध्यक्षीणबाईंकडे गेले, सगळे सांगितले आणि म्हटले, "हे काम दुसऱ्या कोणाला द्या." त्या रागावल्याच. म्हणाल्या, "हिशेब हरवला म्हणून नाही गं मी रागावले. चार रात्री एकटी जागलीस म्हणून रागावले. मंडळ कशासाठी आहे मग?" आणि काम माझ्याकडेच ठेवले. फराळ वेळेवर गेला, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आता माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगते.

पहिली. नवी प्रणाली घेण्याआधी आपल्या कामाच्या सगळ्या वस्तूंची एक प्रत संगणकाबाहेर काढून ठेवावी. आता आपण दर शनिवारी हिशेबाची प्रत एका पेनड्राइव्हवर घेतो आणि तो वरच्या आळीतल्या भगिनींच्या घरी ठेवतो, म्हणजे पाणी आले तरी भीती नाही. शिवाय महिन्याचा हिशेब छापून वहीत चिकटवतो. एका टोपलीत सगळी अंडी ठेवू नयेत, हे आपल्याला बाजारात कळते, मग इथे का कळू नये?

दुसरी. नवे घर आपल्या सोयीचे करून घेता येते. ते मधोमधचे बटण सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा डावीकडे आणता येते, मी आणले आहे. उजव्या बटणाची जुनी लांब यादी 'शो मोअर ऑप्शन्स' या ओळीखाली आहे. मराठी अक्षरे भाषेच्या सेटिंगमध्ये एकदा जोडावी लागतात. मग विंडोजच्या चिन्हाचे बटण आणि लांब मोकळी पट्टी एकदम दाबली, की इंग्रजीवरून मराठीवर जाता येते.

तिसरी. जे कळले ते आपल्या शब्दांत वहीत लिहून ठेवावे. माझ्या वहीत 'कात्रीचे चित्र म्हणजे उचलणे, दोन कागदांचे चित्र म्हणजे नक्कल' असे लिहिले आहे. शिकलेली माणसे हसतील, हसू देत. ती वही वाचून आपल्यातल्या तिघी जणी संगणक लावू लागल्या आहेत. आता मी आजारी पडले तरी मंडळाचे काम अडणार नाही.

चौथी आणि शेवटची. न कळलेल्या गोष्टीला हो म्हणू नये. आपण बायका हे फार करतो. डॉक्टरांपुढे करतो, बँकेत करतो, मुलांच्या शाळेत करतो. समोरचा भराभर बोलतो, आपण मान डोलावतो आणि घरी येऊन काळजी करीत बसतो. "मला कळले नाही, पुन्हा सांगा," हे म्हणायला सातवीही लागत नाही, थोडे धैर्य मात्र लागते. ते एकटीला येत नसेल, तर दोघींनी मिळून जावे. गुरुवारच्या भजनानंतर आपण अर्धा तास 'अडले ते विचारा' म्हणून बसतो, ते यासाठीच. संगणकाचेच अडले पाहिजे असे नाही. बँकेचा कागद आणा, औषधाची चिठ्ठी आणा. ज्या बाईला ठाऊक असेल ती सांगेल, नसेल तर सगळ्या मिळून विचारायला जाऊ.

पुढे केव्हातरी आणखी नवी प्रणाली येईल. पुन्हा सगळे डबे हलतील आणि माझा हात पुन्हा चुकीच्या फळीकडे जाईल. जाऊ दे. ह्या वेळी मी त्या मुलाला आधी विचारीन, "बाळा, काय काय बदलणार ते सावकाश सांग, मी लिहून घेते."

माझे बोलणे लांबले. काही चुकले-माकले असेल तर धाकटी समजून पदरात घ्या.