दिल्लीच्या वस्त्या आणि आमचा शेजार



दिल्ली हे एक शहर आहे, अशी येथे येताना आमची समजूत होती. चार वस्त्यांत बिऱ्हाड थाटल्यावर कळले की ही अनेक गावे असून त्यांना नाव तेवढे एक दिले आहे.

शहाजहानने १६३९ मध्ये पाया घातलेल्या जुन्या शहरात वस्तीची ओळख धंद्यावरून पटते. दरीब्यात चांदी, किनारी बाजारात जर आणि गोटा, खारी बावलीत मसाल्यांचा ठसका. बल्लीमारान हे नाव वल्ही मारणाऱ्या नावाड्यांचे. आज तेथे चष्मे आणि पादत्राणे विकतात, आणि तेथल्याच गल्लीत मिर्झा गालिबची हवेली आहे. लाजपतनगर, पटेलनगर या वस्त्या १९४७ नंतर पश्चिम पंजाबातून उखडलेल्या माणसांनी वसविल्या. चित्तरंजन पार्क पूर्व बंगालच्या विस्थापितांनी.

आमच्या सरकारी वसाहतींचा खाक्या निराळा. येथे शेजार ठरतो तो वेतनश्रेणीवर. पण त्यामुळेच भिंतीपलीकडे तमिळ, वर बंगाली आणि समोर सरदारजी, असा योग आला. संक्रांतीच्या आदल्या रात्री लोहडीच्या रेवड्या येत, दुसऱ्या दिवशी पोंगल येई आणि आमचा तिळगूळ जाई. ‘गोड बोला’ म्हणजे काय, हे मात्र दरवर्षी नव्याने सांगावे लागे! बढती मिळाली की घर मोठे होते आणि शेजार तुटतो. आमच्या घरी एका बढतीचे पेढे डोळे पुसत वाटले गेले आहेत.

सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर आदी सात वसाहती पाडून नव्याने बांधण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. २०१८ मध्ये तेथील झाडांसाठी रहिवासी रस्त्यावर आले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. घरे जुनी झाली होती, हे आम्हांस मान्य आहे. तरीही नेताजीनगरात आमचे क्वार्टर नेमके कोठे होते, हे आम्हांलाच दाखविता आले नाही, तेव्हा बरे वाटले नाही.

आता निवृत्ती जवळ आली. आमच्यापैकी कोणी पुण्यास जाईल, बाकीचे द्वारका, नोएडाच्या सदनिकांत विखुरतील. तेथे दारे बंद असतात आणि मराठी घर कोणते, हे रखवालदारास विचारावे लागते. मंडळाने वस्तीवार पत्त्यांची वही करावी, अशी आमची सूचना आहे. द्वारकेची पाने भरण्याचे काम आम्ही घेतो. कार्यवाहांनी वही तेवढी आमच्या हाती द्यावी.